अंदाजपत्रकातला आकडा आणि शाळेच्या खात्यातला पैसा

मंडळी, दर 10 जानेवारीच्या सुमारास कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर अंदाजपत्रक मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा येतो, शाळांना इतके अब्ज डॉलर. चार्टर शाळेच्या संचालक मंडळावर बसलेल्या माणसाने या मथळ्यावर फार वेळ घालवू नये. आपल्या शाळेला किती मुलांचे पैसे मिळणार आणि ते कोणत्या महिन्यात हाती पडणार, हे त्याने शोधावं.

चार्टर शाळेचा खर्च सरकारी पैशावर चालतो, तिथे फी नसते आणि कारभार तिचं स्वतःचं मंडळ बघतं. डिस्ट्रिक्टला, म्हणजे नेहमीच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला, मतदारांकडून जादा कर किंवा इमारतीसाठी रोखे मंजूर करून घेता येतात, चार्टर शाळेला ती सोय नाही. आपल्याकडच्या अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार शासनाकडून थेट त्यांच्या खात्यात जातो. इथे राज्य शाळेला हप्ते देतं आणि पगार शाळेने भागवायचा असतो. म्हणून हप्ता चुकला की पगार अडतो.

आधी मोजणी पाहू. 2013-14 पासून पैसा ‘लोकल कंट्रोल फंडिंग फॉर्म्युला’ने मिळतो. इयत्तांच्या गटानुसार प्रत्येक मुलामागे एक मूळ दर असतो. गरीब घरातल्या, इंग्रजी शिकत असलेल्या आणि सरकारने सांभाळासाठी दुसऱ्या घरी ठेवलेल्या मुलांसाठी त्यावर भर पडते. मात्र हा दर पटाला लागत नाही, सरासरी हजेरीला लागतो. समजा पट 400 आहे. हजेरी 94 टक्के असेल तर 376 मुलांचे पैसे मिळतात, 92 टक्क्यांवर आली तर 368 मुलांचे. हिशेबापुरता दर 12,000 डॉलर धरला तर 96,000 डॉलर गेले, म्हणजे साधारण एका शिक्षकाचा वर्षाचा खर्च. मुलं तीच, वर्ग तेच, वीजबिलही तेच!

इथेच 2022 चा एक निर्णय चार्टर शाळांना जाचतो. हजेरी घसरलेल्या डिस्ट्रिक्टना चालू वर्ष, मागचं वर्ष किंवा आधीच्या तीन वर्षांची सरासरी, यातला सगळ्यात मोठा आकडा धरायची कायमची मुभा मिळाली. चार्टर शाळांना चालू वर्षाचीच हजेरी लागू राहिली. एकाच गावात, एकाच कारणाने दोन्हीकडची मुलं घटली, तरी डिस्ट्रिक्टला सावरायला वेळ मिळतो आणि चार्टर शाळेला त्याच वर्षी फटका बसतो. हे मला अन्यायाचं वाटतं.

आता वेळापत्रक. राज्याचे हप्ते जुलै आणि ऑगस्टमध्ये 5-5 टक्के, पुढे दरमहा 9 टक्के, असे ठरलेले आहेत. जानेवारीपर्यंतचे हप्ते मागच्या वर्षीच्या आकड्यांवर निघतात. फेब्रुवारीत नव्या हजेरीचा हिशेब लागतो आणि आधी जास्त गेलेली रक्कम उरलेल्या पाच हप्त्यांतून कापली जाते. शरद ऋतूत मुलं कमी झाल्याचं दिसत असूनही पैसे येताहेत म्हणून खर्च चालू ठेवणारी शाळा फेब्रुवारीत अडकते.

2020-21 मध्ये तर राज्याने वेळापत्रकच हलवलं. कोविडमुळे महसूल आटेल या धास्तीने सुमारे 11 अब्ज डॉलरचे हप्ते पुढे ढकलले गेले. फेब्रुवारीतल्या हप्त्याचा काही भाग नोव्हेंबरवर गेला, मार्चचा ऑक्टोबरवर, एप्रिलचा सप्टेंबरवर, मेचा ऑगस्टवर, जूनचा जुलैवर. कागदोपत्री एक पैसाही कापला गेला नव्हता, पण पगार दर महिन्याला द्यावाच लागतो. डिस्ट्रिक्टला बाजारात स्वस्त अल्पमुदतीचं कर्ज मिळतं. राखीव रक्कम नसलेल्या छोट्या चार्टर शाळांना मात्र येणं असलेले हप्तेच सूट देऊन विकावे लागतात, आणि ती सूट शिक्षणाच्या पैशातून जाते.

महागाईपोटी राज्य मूळ दरात जी वाढ देतं, तिचंही बघा. 2023-24 साठी ती 8.22 टक्के होती, पुढच्याच वर्षी 1.07. पहिल्या आकड्यावर कायमची पगारवाढ देणाऱ्या शाळांना दुसऱ्या वर्षी तो भार पेलावा लागला. पगारवाढीच्या पोटात आणखी एक खर्च दडलेला असतो. शाळा राज्याच्या शिक्षक निवृत्तिवेतन योजनेत असेल तर 2022-23 पासून तिला पगाराच्या 19.1 टक्के वर्गणी भरावी लागते. म्हणजे एक लाखाची वाढ 1,19,100 ला पडते. एकवेळच्या निधीतून कायमची पदं भरली तर हीच गत होते, फक्त जरा उशिराने.

भाड्यासाठी राज्याची वेगळी मदत आहे. गरीब मुलांचं प्रमाण 55 टक्के असलेल्या किंवा तशा वस्तीतल्या शाळेला भाड्याच्या 75 टक्के किंवा हजेरीमागे ठरलेली रक्कम, यातलं जे कमी असेल ते मिळतं. तरतूद अपुरी पडली तर सगळ्यांचा वाटा त्या प्रमाणात घटतो. म्हणून भाडेकरार करताना 75 टक्के गृहीत धरू नका.

जूनच्या बैठकीचं काय करायचं? विधिमंडळाला 15 जूनपर्यंत अंदाजपत्रक संमत करावं लागतं, आणि शाळेलाही 1 जुलैपर्यंत स्वतःचं सादर करायचं असतं. त्यामुळे मंडळ बहुधा गव्हर्नरांच्या मे महिन्यातल्या सुधारित आकड्यांवरच मत देतं. त्या बैठकीत वार्षिक तक्त्याबरोबर बारा महिन्यांचा रोख तक्ताही मागा. त्यात दर महिन्याची अखेरची शिल्लक हवी. एक प्रत हजेरी दोन टक्क्यांनी घटली असं धरून करा, दुसरी जूनचा हप्ता जुलैत येईल असं धरून. कोणत्या महिन्यात शिल्लक शून्याखाली जाते ते तिथे दिसेल, आणि कर्जासाठी बँकेशी बोलणी त्या महिन्याच्या बरीच आधी सुरू करावी लागतील.