मे महिन्यातही हात गार

हा कोल्हापुरातल्या गंगावेशचा दूध कट्टा, संध्याकाळची वेळ. म्हशी उभ्या आहेत, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळलेला ग्लास हातात देतात. लहानपणी पप्पांच्या गाडीवर मागं बसून मी इथं यायचे, एका दमात ग्लास रिकामा करायचे. आणि एकविसाव्या वर्षी तोच ग्लास हातात धरून मी हिशोब घालत होते की यात कॅलरी किती असतील, मग पप्पांचं लक्ष नाही बघून तसाच परत ठेवला.

सुरुवात साधीच होती, चुलतभावाचं लग्न होतं, फोटो चांगले यावेत एवढंच. आधी भात सोडला, मग भाकरी, मग रात्रीचं जेवणच. सगळे म्हणायचे, "काय बारीक झालीस गं, लई भारी दिसतीस", ते ऐकून मी अजून कमी केलं. मे महिन्यातल्या उन्हात हात गार पडायचे, न्हाणीच्या जाळीवर केसांचा गुंता, पाळी तर बंदच झाली. रविवारी घरात तांबडा-पांढरा शिजायचा, मी पोट बिघडलंय सांगून खोलीत बसायचे आणि तिथं तासन्‌तास रेसिपीचे व्हिडिओ बघायचे. एका रात्री दीड वाजता उभ्या उभ्या लाडवांचा डबा संपवला आणि मग रडत बसले, वाटलं आपल्यात जिद्दच नाही.

जिद्दीचा काही संबंध नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, दिवसाला साधारण १५७० कॅलरी. आज त्याहून कमी आकड्याचे डायट प्लॅन मोबाईलवर सर्रास फिरतात, म्हणून हा आकडा सांगतेय. त्या पोरांचं चौथा हिस्सा वजन उतरलं, नाडी मंदावली, थंडी वाजायला लागली, चिडचिड वाढली, आणि ती चक्क पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, ताटं चाटायची. नंतर पोटभर मिळालं तरी कितीतरी दिवस त्यांचं समाधान होईना. शरीराला दुष्काळ पडलाय असंच वाटतं, मग ते खर्च कमी करतं, पाळी थांबवतं, हाडं ठिसूळ व्हायला लागतात, आणि मेंदू चोवीस तास फक्त अन्नाचाच विचार करतो.

मला डायटिशियन मॅडमनी कॅलरीचा आकडा दिलाच नाही, घड्याळ दिलं. दर तीन-साडेतीन तासांनी काहीतरी खायचं, भूक असो नसो. आईनं वजनकाटा माळ्यावर टाकला. पहिले काही आठवडे पोट फुगायचं, भीती वाटायची, कधी परत मागं जायचे, पण मॅडम म्हणायच्या पुढचं जेवण चुकवायचं नाही, बस्स.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. कुणी बरेच दिवस जवळजवळ उपाशी असेल, चक्कर येत असेल, तर घरी एकदम ताट भरून खायला घालू नका. अशा वेळी रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम अचानक घसरतं आणि हृदयावर बेततं, आधी डॉक्टरांना दाखवा. आणि मनातलं बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६.

गेल्या महिन्यात पाळी आली, सात महिन्यांनी. आज परत कट्ट्यावर आलोय, पप्पांनी न विचारता दोन ग्लास सांगितले. मी अर्धा प्यायले, उरलेला त्यांनी घेतला.