पऱ्हाटी, दहा स्लाइडमध्ये

[दृश्य: धुऱ्यावर पेटलेला पऱ्हाटीचा ढीग. संध्याकाळ.]

फेब्रुवारी सरत आला की यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावच्या शिवारात हा धूर दिसतो. कापूस वेचून झाला, पऱ्हाटी म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं उपटली, धुऱ्यावर रचली आणि काडी लावली. एका हेक्टरातून साधारण दोन-तीन टन पऱ्हाटी निघते. उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, म्हणून ती वावरात ठेवायचीही सोय नाही.

[दृश्य: गोठ्यामागचं शेड. मशीनमधून पेलेट पडताहेत.]

इथल्या एका बहीण-भावाने काडी लावणं थांबवलं. पऱ्हाटीचा भुसा करायचा, उन्हात पसरायचा, ओल दहा टक्क्यांच्या आसपास आली की मशीनमध्ये घालायचा. बाहेर येतात बोटाएवढ्या गोळ्या, म्हणजे पेलेट. बॉयलरमध्ये कोळशाऐवजी चालतात. मशीन लहान आहे. मोठं घ्यायला बँक तारण मागते.

[दृश्य: ओसरी, रात्र. भिंतीवर चादर, चादरीवर स्लाइड.]

म्हणून पिच डेक, म्हणजे स्लाइडचा संच. गुंतवणूकदारापुढे धंदा मांडायचा तो असा. अमेरिकन गुंतवणूकदार आणि लेखक गाय कावासाकी यांचा नियम प्रसिद्ध आहे: स्लाइड १०, वेळ २० मिनिटं, अक्षर ३० पॉइंटच्या खाली नको. भावाने पहिल्या खेपेला २६ केल्या होत्या, त्यातल्या सहा नुसत्या देशाच्या शेतीवर. २०१५ मध्ये डेक ऑनलाइन पाठवायची सेवा देणाऱ्या डॉकसेंड कंपनीने दोनशे स्टार्टअपचे डेक अभ्यासले, तेव्हा एका डेकला सरासरी ३ मिनिटं ४४ सेकंद मिळतात असं दिसलं. बहिणीने त्या सहाही काढल्या आणि धुऱ्यावरच्या जाळाचा फोटो पहिला लावला. आम्हाला तिचंच पटलं.

[दृश्य: वहीतले आकडे, अगदी जवळून.]

खरा डेक या वहीत तयार झाला. बाजारपेठेच्या स्लाइडवर आधी देशभराचा कोटींचा आकडा होता. तो खोडला. त्या जागी आली ट्रॉलीचं भाडं परवडेल एवढ्या अंतरातली गावं, तिथला कापसाचा पेरा आणि निघणारी पऱ्हाटी. गिऱ्हाईक? २०२१ च्या केंद्राच्या धोरणाने औष्णिक वीज केंद्रांना कोळशात ५ टक्के पेलेट मिसळायला सांगितलं. चंद्रपूर आणि कोराडीची वीज केंद्रं विदर्भातच आहेत.

मग अवघड पान. पऱ्हाटी मिळते दोन-तीन महिने, पेलेट विकायचे वर्षभर. म्हणजे सगळा माल उन्हाळ्यातच विकत घ्यायचा आणि पावसाळाभर कोरडा राखायचा. हे लिहायचं की झाकायचं, यावर ओसरीवर तासभर वाद झाला. शेवटी लिहिलं, आणि शेडचा खर्च वेगळा दाखवला. हे पान सल्लागाराला सुचलं नसतं. पावसात कुजलेलं कुटार ज्याने उपसलंय, त्यालाच ते सुचतं.

[दृश्य: आई चादरीसमोर उभी.]

शेवटची स्लाइड मागणीची. ४० लाख रुपये, १० टक्के हिस्सा. म्हणजे पैसे आल्यावर कंपनीची किंमत ४ कोटी, त्याआधीची ३ कोटी ६० लाख. आईचा एकच प्रश्न: "वावर तं नाई ना जात त्याच्यात?" नाही. हिस्सा कंपनीचा जातो, सातबारा तिच्याच नावावर राहतो.

[दृश्य: पहाटेची एसटी.]

नागपूरच्या बैठकीत कॅमेरा नेता आला नाही. दोघांनी नकार दिला, तिसऱ्याने शेड पाहायला येतो म्हटलं.

[दृश्य: भरून आलेलं आभाळ. बहीण ताडपत्री ओढते आहे.]

मृग लागला. ढीग तीन आहेत, ताडपत्र्या दोन.