गालात शिरलेली हवा

(दृश्य: एअरोटरचं टोक, अगदी जवळून)

हा एअरोटर, दात कोरायचं यंत्र. दातांच्या दवाखान्यात बाहेर बसल्या बसल्या जो किंचाळल्यासारखा आवाज ऐकू येतो, तो याचाच. 1957 साली बाजारात आला. मिनिटाला तीन लाखांच्या वर फेरे घेतो, तेही दाबाच्या हवेवर. त्यातली थोडी हवा दाताच्या दिशेनेच सुटते. एरवी ती तोंडावाटे निघून जाते. क्वचित मात्र हिरडीच्या फटीतून, नाहीतर रूट कॅनालसाठी उघडलेल्या मुळातून आत घुसते.

मग बघता बघता मुलाचा गाल फुगतो, कधी डोळासुद्धा मिटतो. आईचा धीर सुटतो. डॉक्टरांनाही आधी शंका येते ती इंजेक्शनच्या ॲलर्जीची, आणि ती यायलाच हवी. पण सुजेवर हलकेच बोटं दाबून बघा: हवा असेल तर कातडीखाली चुरमुऱ्यांची पिशवी दाबल्यासारखं कुरकुरतं. ॲलर्जीची सूज अशी वाजत नाही.

पूर्ण भूल देऊन एकाच वेळी बऱ्याच दातांवर उपचार करायचे असतात, तेव्हा पंचाईत वाढते. मूल काही सांगू शकत नाही, चेहरा कापडाखाली झाकलेला. नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू चालू असेल तर तो तिथेच थांबवावा लागतो, कारण हा वायू अडकलेल्या हवेत शिरून तिला आणखी फुगवतो.

(दृश्य: छातीचा एक्स-रे)

खरी धास्ती गालाची नाहीच. खालच्या दाढांपाशी शिरलेली हवा मानेतल्या पोकळ जागांमधून घशामागे जाते आणि तिथून छातीत, पार हृदयाभोवती उतरू शकते. छातीत दुखलं, धाप लागली, आवाज बदलला, गिळायला जड गेलं, तर थेट मोठं रुग्णालय गाठायचं.

बहुतेक मुलांना एवढं काही होत नाही. हवा शरीरच शोषून घेतं, सूज साधारण आठवड्याभरात उतरते. गरज पडली तर ऑक्सिजन देतात, त्याने हवा लवकर जिरते. तोवर नाक जोरात शिंकरायचं नाही. स्ट्रॉ, फुगे, पिपाणी बंद. पिपाणीचं नाव उगाच घेतलेलं नाही. या प्रकाराची पहिली मानली जाणारी नोंद 1900 सालची, म्हणजे एअरोटरच्याही कितीतरी आधीची. दात काढल्यावर एका वादकाने बिगूल फुंकला आणि हवा स्वतःच आत भरून घेतली!

हवेबरोबर तोंडातले जंतूही आत जातात, म्हणून डॉक्टर बहुधा अँटिबायोटिक देतात. सूज उतरत असतानाही ताप आला, तर त्याच दिवशी परत दाखवायचं.