मिठाची भूक आणि मिठाची ओळख

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'चेतांची इजा आणि प्राण्यांची खारट चव'. चेता म्हणजे मेंदूकडे संकेत नेणारा मज्जातंतू. तिकडे वळण्याआधी एक हकिगत सांगायचीच आहे. ती सांगितल्याशिवाय मी हा विषय मांडतच नाही.

१९४० साली अमेरिकेत लॉसन विल्किन्स आणि कर्ट रिश्टर यांनी साडेतीन वर्षांच्या एका मुलाची केस प्रसिद्ध केली. वर्षभराचा असल्यापासून हा मुलगा खाऱ्या बिस्किटांवरचं मीठ तेवढं चाटायचा आणि आणखी मागायचा. पुढे मिठाचं भांडं हाती लागलं की बोटानं नुसतं मीठ खायचा. जे पहिले काही शब्द तो बोलायला शिकला, त्यांत 'मीठ' होता. आईवडिलांनी अडवलं नाही. मग दुसऱ्याच तक्रारीसाठी त्याला तपासायला दवाखान्यात ठेवलं. तिथं इतरांना मिळायचं तेच जेवण, तेवढंच मीठ. सात दिवसांत मूल गेलं. शवविच्छेदनात कळलं, की त्याच्या मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी बिघडलेल्या होत्या. मिठातून मिळणारं सोडियम लघवीवाटे वाहून जात होतं आणि ते पोर चिमटी-चिमटीनं स्वतःला जगवत होतं.

कुणी निष्काळजीपणा केला असं मी म्हणत नाही. पण अशा मागणीला आपण लगेच 'खोड' म्हणतो, याचा मला मनापासून राग येतो. गोठ्यात भिंत चाटणारं जनावर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. त्याचं दावं आखडतात; टांगायला हवी असते खनिजांची चाटण वीट!

रिश्टरनं हे उंदरांत आधीच पाहिलं होतं, १९३६ मध्ये. ॲड्रिनल काढलेले उंदीर मरतात. पण शेजारी मिठाचं पाणी ठेवलं तर ते भरपूर पितात आणि जगतात. शिवाय हे उंदीर साध्या उंदरांपेक्षा सुमारे पंधरा पट फिकं मिठाचं पाणीही निवडून प्यायचे. रिश्टरला वाटलं, त्यांची जीभच तीक्ष्ण झाली. ते खरं नव्हतं. १९५० मध्ये फाफमन आणि बेअर यांनी जिभेकडून येणाऱ्या चेतेतले विद्युतसंकेत मोजले. दोन्ही गटांच्या उंदरांत ते सारख्याच फिक्या मिठाला उमटत होते. म्हणजे वाढली होती ती भूक. ओळख होती तेवढीच होती. आज मला सांगायचं आहे ते एवढंच: भूक आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जिभेच्या पुढच्या भागाची चेता कापली की ओळख जाते.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून आता भरभर सांगतो.

जिभेच्या पुढच्या भागाची चव कॉर्डा टिंपनी नावाची चेता नेते. ती कानातून, पडद्यामागून, हातोडी आणि ऐरण या हाडांच्या मधून जाते. म्हणून तर कानाच्या शस्त्रक्रियेनंतर काहींना तोंडात धातूसारखी चव येते. जिभेच्या मागच्या भागाची चेता वेगळी. उंदरात बहुतेक रुचिकलिका, म्हणजे चव ओळखणाऱ्या पेशींचे गुच्छ, या मागच्या चेतेकडे असतात, पुढचीकडे थोड्याच. नुसत्या दोन बाटल्या ठेवून उंदीर काय पितो हे पाहिलं, तर चेता कापल्यानंतरही फारसा फरक दिसत नाही. स्पेक्टर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रश्नच बदलला. पाणी असेल तर चाटत राहायचं, मीठ लागलं तर थांबायचं, असं उंदरांना शिकवलं. मागची चेता दोन्ही बाजूंनी कापली, काही बिघडलं नाही. पुढची कापली, तर मीठ कळायला दहापट ते शंभरपट खारट पाणी लागू लागलं! मोजक्या कलिकांची चेता, पण खारटपणाचा मुख्य भार तिच्यावर.

कारण पुढच्या भागातल्या पेशींत सोडियमसाठी खास वाट आहे, जी अमिलोराइड या औषधानं बंद होते. १९९६ मध्ये चेता शाबूत ठेवून फक्त हे औषध वापरलं, तरी उंदरांना सोडियम क्लोराइड, म्हणजे आपलं मीठ, आणि पोटॅशियम क्लोराइड हा दुसरा क्षार यांतला फरक कळेना.

आता त्या मुलाची हकिगत इथं जोडा. १९९३ मध्ये ब्रेसलिन, स्पेक्टर आणि ग्रिल यांनी उंदरांच्या शरीरातलं सोडियम कमी केलं आणि ही पुढची चेता कापली. मिठाची ओढ कायम होती, पण तिचा नेम चुकू लागला. जिवाला हवं सोडियम, आणि त्याच्या व दुसऱ्या क्षारांच्या निवडीतला नेहमीचा काटेकोरपणा गेला.

शेवटचा मुद्दा. चेता तुटली की तिच्या रुचिकलिकाही झडतात. उंदरात ती दीड-दोन महिन्यांत पुन्हा वाढून जिभेपर्यंत पोचू शकते, आणि मग कलिकाही परत उगवतात. १९९५ चा अभ्यास सांगतो, की जितक्या जास्त कलिका परत आल्या, तितका त्या उंदराला दोन क्षारांतला फरक जास्त कळू लागला. चेता वाढूच दिली नाही, तर महिने लोटले तरी ती ओळख परतत नाही.