डोळे आले नव्हते

[दृश्य: स्लिट लॅम्पखाली डोळा, पडदाभर]

ही उजेडाची तिरकी पट्टी नीट बघा. बुबुळामागच्या पाण्यात बारीक कण तरंगताहेत. माजघरात कवडसा पडला की त्यात धूळ दिसते, अगदी तसे. पण या आहेत रक्तातल्या पांढऱ्या पेशी. निरोगी डोळ्यात हे पाणी नितळ असतं.

[दृश्य: औषध घातल्यानंतरची बाहुली]

आता बाहुली. औषधाने ती गोल मोठी व्हायला हवी होती. पण बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सुजून मागच्या भिंगाला जागोजागी चिकटलाय. न चिकटलेला भाग तेवढा सरकला, म्हणून बाहुली पाकळ्या-पाकळ्यांची दिसतेय. हा युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज.

टेम्पो चालवणारा हा तरुण आला तो "डोळे आलेत" म्हणत. पण लाल एकच डोळा, चिपडं नाहीत, घरात कुणाला लागण नाही. उजेड मात्र सहन होत नाही. आणि ही तिसरी वेळ. आधी दोन्ही वेळा त्याने मेडिकलमधून ड्रॉप घेतले, लाली गेली, विषय संपला. असे ड्रॉप पुष्कळदा स्टेरॉइडचे असतात. विषाणूचा संसर्ग असेल तर त्यांनी बुबुळावरची जखम चिघळते. तपासल्याशिवाय ते डोळ्यात घालूच नयेत.

[दृश्य: तपासणीची खोली]

डॉक्टरांचा पुढचा प्रश्न कंबरेचा. सकाळी उठताना धरते का? धरते, दोन वर्षं झाली. पाऊण तास नुसती लाकूड. पडून राहिलं की वाढते, हिंडलं-फिरलं की सुटते. तो दोष देत होता गाडीच्या सीटला.

१९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिसच्या संशोधकांना अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या मणक्याच्या संधिवाताच्या बहुतेक रुग्णांमध्ये एचएलए-बी२७ हा पेशींवरचा जन्मजात घटक सापडला. त्याच वर्षी डोळ्याच्या या सुजेशीही त्याचं नातं दिसलं. घटक असलेल्या सगळ्यांना आजार होत नाही. पण चाळिशीच्या आतला माणूस, एक डोळा पुन्हापुन्हा लाल, त्यात सकाळची कंबर, एवढं जुळलं की या संधिवाताची तपासणी टाळायची नाही. आपल्याकडे क्षयामुळेही डोळा असा सुजतो, म्हणून छातीचा एक्स-रेही काढतात.

दुर्लक्ष झालं तर मोतीबिंदू, काचबिंदू, आणि कणा कायमचा ताठ होण्याची भीती.

[दृश्य: जिना, हातात कागद]

चिठ्ठी डोळ्यांच्या डॉक्टरांची. वर नाव संधिवाताच्या डॉक्टरांचं. एक्स-रे खालच्या मजल्यावर.