ब्रॉयलरच्या खाद्यात हळद : फायदा कधी, तोटा कधी

[दृश्य : तराजूत हळद पावडर]

ही ५०० ग्रॅम हळद १०० किलो खाद्यासाठी. म्हणजे टनाला ५ किलो. हळदीत साधारण ३ टक्के कर्क्युमिन, म्हणजे तिचा मुख्य गुणकारी घटक, असतं. आतड्याचा दाह कमी करायचा आणि घातक जिवाणूंना आवर घालायचा, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. युरोपीय संघाने वाढीसाठी दिली जाणारी प्रतिजैविकं २००६ पासून बंद केली, भारताने २०१९ मध्ये जनावरांना आणि कोंबड्यांना कोलिस्टिन हे प्रतिजैविक देण्यावर बंदी घातली. हळद, लसूण, ओवा यांना मागणी आली ती यातूनच.

[दृश्य : भरड्यात हळद कालवणारे हात]

हळद ढिगावर थेट टाकायची नाही. आधी २ किलो मक्याच्या भरड्यात, मग ते १० किलोत, मग उरलेल्यात. रंग सगळीकडे सारखा दिसेपर्यंत फावडं चालवायचं. गोळी खाद्यावर पावडर भुरभुरणं मात्र वाया. पक्षी चोचीने गोळी उचलतो, पिवळा भुगा फीडरच्या तळाशी साचतो.

बाजारातली फार चकचकीत पिवळी पावडर टाळा. तिच्यात लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा विषारी पिवळा रंग, असू शकतं. हळकुंडं आणून दळलेली बरी. ओला लसूण ठेचून पोत्यात कालवला तर खाद्याला बुरशी लागते आणि त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, थेट यकृतावर जातं. लसूण वाळवूनच घाला.

[दृश्य : पाटीवर हिशेब]

आता पैशाचं बोलू. एफसीआर म्हणजे एक किलो वजनासाठी लागणारं खाद्य. २.२ किलोचा पक्षी १.६ एफसीआरने ३.५२ किलो खाद्य खातो, त्यातून सुमारे १७.६ ग्रॅम हळद. हळद १५० रुपये किलो धरली, तर पक्ष्यामागे २ रुपये ६४ पैसे. खाद्य ४० रुपये किलो असेल, तर एवढे पैसे सुटायला एफसीआर १.५७ वर यायला हवा. तुसाची गादी ओली, शेडमध्ये अमोनियाने डोळे चुरचुरतायत, पाण्याचे निपल गळतायत, तर हा ०.०३ कुठून सुटणार? आणि रक्ती हगवण दिसली की हळदीवर विसंबू नका, पशुवैद्यकांना बोलवा.

[दृश्य : जाळीने दोन भाग केलेली शेड]

खात्री करायची तर एकाच हॅचरीची पिल्लं, मध्ये जाळी, एका बाजूला हळद, दुसरीकडे साधं खाद्य. दर आठवड्याला, खाद्य टाकण्याआधी, दोन्हीकडचे ५० पक्षी तोला. कोपऱ्यातले तेवढे पकडू नका. सुस्त आणि हलके पक्षी तिथेच सापडतात. खाल्लेलं खाद्य आणि मरतूक दोन्ही बाजूंची वेगळी लिहा. करारावर पक्षी पाळत असाल, तर खाद्य कंपनीचं असतं. सुपरवायझरला विचारल्याशिवाय त्यात काहीही मिसळू नका.