निवड कुणाची, कशासाठी?

सांगली जिल्ह्यातलं मिरज. इथलं ‘मिशन हॉस्पिटल’ अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन (कॅल्विनच्या परंपरेतल्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती) मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलं. या मंडळीची, म्हणजे चर्चची, विश्वासकबुली (आपण काय मानतो याचा लेखी जाहीरनामा) १६४६ची, लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरची. तिच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलंय, तारण, म्हणजे पापातून सुटका, कुणाला द्यायचं हे देवानं जग घडवण्याआधीच ठरवलंय. यालाच पूर्वनियोजन म्हणतात.

हे ऐकलं की आपल्या मनात पाचवीची रात्र येते. पुजलेला पाटा-वरवंटा, शेजारी कोरा कागद नि लेखणी. सटवाई येणार, बाळाच्या कपाळी लिहून जाणार. पण सटवाई लिहिते ते उभ्या आयुष्याचं: लग्न, पोरंबाळं, मरण. पूर्वनियोजनाचा सगळा भर एकाच प्रश्नावर आहे, पापी माणसाला देव जवळ का करतो?

बायबलमधल्या, रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात प्रेषित पौल याकोब आणि एसाव या जुळ्या भावांचा दाखला देतो. दोघं अजून आईच्या पोटात. बरं-वाईट काहीच हातून घडलेलं नाही. तरी देवानं धाकट्याला, याकोबाला, निवडलं. म्हणजे इथे संचित नाही, पुण्याईची शिल्लक नाही. आहे ती निव्वळ कृपा. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीननं पाचव्या शतकात, माणूस स्वतःच्या बळावर चांगलं वागू शकतो म्हणणाऱ्या पेलागियसच्या विरोधात हेच ठासून सांगितलं. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विन त्याहून पुढे गेला: काहींची निवड तारणासाठी, तर काही नाशासाठी नेमलेले.

इथे जीव अडखळतो, आणि अडखळायलाच हवा. डच धर्मपंडित आर्मिनियसचे अनुयायी १६१० साली म्हणाले, कोण विश्वास ठेवणार हे देव आधीच जाणतो, त्यावरून तो निवडतो. हॉलंडमधल्या डॉर्टच्या धर्मसभेनं १६१९ मध्ये ते फेटाळलं.

मग सगळं ठरलेलंच असेल, तर सातासमुद्रापार येऊन शुभवर्तमान, म्हणजे येशूची सुवार्ता, सांगायचं कशाला? उत्तर कॅल्विनच्याच लिखाणात आहे, ऑगस्टीनच्या आधारानं दिलेलं. निवडलेले कोण, हे माणसाला कळत नाही. म्हणून प्रत्येकाचं तारण व्हावं हीच इच्छा धरायची. या शिकवणीतलं मला सर्वांत जवळचं वाटतं ते हे.

मिरजेचा दवाखाना नऊ वर्षांचा झाला, त्या १९०३ साली अमेरिकेतल्या याच मंडळीनं विश्वासकबुलीच्या तिसऱ्या अध्यायाला एक खुलासा जोडला. तारण सर्वांना पुरेसं आहे, आणि ते सर्वांपुढे मोकळेपणानं ठेवलेलं आहे. त्याच खुलाशात तान्हेपणी दगावणाऱ्या बाळांविषयीही लिहिलं: त्यातलं एकही हरवत नाही.